काटा

मी काट्यावर बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते.
ओझुर्गेतीच्या खाली, ओढ्याच्या वळणावर पत्र्याचं छप्पर,
साखळीला टांगलेला लोखंडी काटा,
आणि एक वही, जिच्या प्रत्येक पानावर
पानांचंच वजन लिहायचं.

तिथं आधी मका होता.
आजोबा ओतिया म्हणाले होते, चहा तव्यावर भाजता येत नाही.
म्हणाले ते एकदाच, तेहतीस साली, चावडीसमोर.
त्यानंतर आमच्या घरात त्यांचा कोट होता, ते नव्हते.

मग डोंगर सरकारी झाला, झुडपं सरकारी झाली.
धुकंसुद्धा हजेरीपटावर असल्यासारखं
सहाला येई, नऊला उठून जाई.

गुलिको सगळ्यांत पुढे.
दोन पानं, एक कळी, तिची बोटं चुकत नसत.
पण मॉस्कोला कळी नको होती, टन हवे होते.
तेव्हा पोत्यांवर पाणी शिंपडलं जाऊ लागलं,
कधी तळाशी ओढ्यातला एखादा गोटा.
मी गोटा काढून बाजूला ठेवी
आणि आकडा होता तसाच लिही.
संध्याकाळी पायाशी हा एवढा ढीग:
योजनेपेक्षा चार टक्के जास्त.

पुढे यंत्र आलं, निळं,
झुडपांच्या डोक्यांवरून चालणारं.
पानाबरोबर देठ, काटकी, एकदा तर
अंड्यांसकट घरटं.
त्या चहाला ओल्या गवताचा वास येई.
तो उरल्या सोव्हिएत संघानं प्यायला. आम्ही नाही.
दुकानदार अम्ब्रोसी ओळखीच्या माणसाला
गल्ल्याखालून काढून देई पुडी,
हत्ती छापलेली, हिंदुस्थानातली.
चहाच्या डोंगरावर बसून
आम्ही चहाची वाट पाहत असू,
आणि यात हसण्यासारखं काही आहे
असं कुणी मोठ्यानं म्हणत नसे.

खरं सांगायचं तर दवाखाना होता.
संध्याकाळची शाळा होती, तिथंच मी हिशेब शिकले.
माझी एतेरी उन्हाळ्यात समुद्राकाठच्या शिबिरात गेली, फुकट,
परत आली ती पोहायला शिकून.
लोक म्हणतात, दोन्ही पारड्यांत घालून बघ.
माझ्या काट्याला पारडं एकच होतं.

मग एका हिवाळ्यात मॉस्को उरलं नाही.
वीज गेली. कूपनच्या नोटा आल्या,
एका पावाला पिशवीभर.
झुडपं आम्हीच तोडली. चांगली जळत.
पन्नास वर्षांचं खोड, एका रात्रीची ऊब.
कारखान्याचे रूळ, पंखे, भट्टीची दारं
तुर्की भंगारवाला घेऊन गेला.
वजन मीच केलं. वहीतलं शेवटचं पान
माझ्याच अक्षरात आहे: लोखंड, अकरा टन.
गोटा एकही निघाला नाही.

गुलिकोनं तिचं पदक मक्याच्या पिठावर दिलं.
घेणारा म्हणाला, आधी वजन करून दाखव.
माझा काटा एवढं हलकं दाखवत नसे.

आता त्या उतारावर काटेरी वेल माजलेत,
आत शिरायला वाट नाही.
छपराखाली गोटे अजून आहेत.
ऊन असलं की त्यांच्यावर फळी टाकून
मी हेझलनट वाळवते.

मे महिन्यात एतेरी सार्पीचा नाका ओलांडून
रिझेला जाते. चहा खुडायला.
परका डोंगर, रोजंदारी, झोपायला गोदाम.
तिकडचा काटेवाला, म्हणते, फार कडक,
पोतं उपडं करून बघतो,
गोटा निघाला की दिवसाची मजुरी कापतो.

अजून कोण ठेवतं गं गोटा, मी विचारलं.

ती बराच वेळ मोजे काढत बसली.
मग म्हणाली, गुलिकोची नात.
आणि थोडं थांबून: मीसुद्धा, एकदा.